कापोएरा : ब्राझीलमधील गुलामांचा खेळ

आपल्या कोकणात काजू आला तो ब्राझीलमधून, पोर्तुगीजांच्या गलबतांतून. त्याच पोर्तुगीजांनी आणि पुढे ब्राझीलच्या व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतली माणसे धरून ब्राझीलला नेली, उसाच्या मळ्यांत राबायला. तीनशे वर्षांत अशी सुमारे ४८ लाख माणसे त्या किनाऱ्यावर उतरली. कापोएरा हा खेळ त्यांचा आणि त्यांच्या मुलाबाळांचा.

खेळ म्हणावा तर लाथा खऱ्या, झुंज म्हणावी तर तिला ताल! माणसे रिंगण धरतात, दोघे मध्ये उतरतात. पाय सारखे मागेपुढे झुलत असतात. घटकेत गडी हातांवर उलटा, घटकेत गिरकी घेऊन लाथ. आपल्या तालमीत पकडीला मान, तिथे चुकवण्याला. आणि खेळाची लगाम असते बेरिंबाव या वाद्याच्या हाती. पिंजाऱ्याच्या धनुकलीसारखी काठी वाकवून तार ताणलेली, खाली पोकळ भोपळा. तारेवर काडी पडते तसा खेळ चढतो किंवा उतरतो.

मालकाला नाच वाटावा म्हणून गुलामांनी झुंज नाचात लपवली, असे सांगतात. गोष्ट मोठी गोड, पण तिला कागदाचा आधार तुटपुंजा. कागद आहेत ते पोलिसांचे. एकोणिसाव्या शतकात रिओ शहरात कापोएरा खेळताना कोणाला धरले, काय शिक्षा दिली, हे सारे त्यांत टिपलेले आहे.

१३ मे १८८८ रोजी गुलामी उठली. माणूस मोकळा झाला; जमीन मात्र त्याला मिळाली नाही. १८९० च्या दंडसंहितेने रस्त्यावर कापोएरा खेळणे हा गुन्हा ठरवला. शिक्षा दोन ते सहा महिने कैद. त्याच वर्षी डिसेंबरात अर्थमंत्री रुई बार्बोझा यांनी गुलामगिरीची सरकारी दफ्तरे जाळण्याचा हुकूम काढला. जुन्या मालकांना नुकसानभरपाई मागता येऊ नये, असा त्यातला हेतू सांगतात. असेलही. पण आपला आजा कोणाच्या मळ्यावर राबला हे शोधू पाहणाऱ्या नातवाचीही वाट त्याने अडली.

पुढे साल्व्हादोर शहरात मेस्त्रे बिम्बा यांनी १९३२ साली कापोएराची शाळा काढली. मेस्त्रे म्हणजे आपले वस्ताद. १९३७ साली तिला सरकारी मान्यता मिळाली, आणि १९५३ साली तर राष्ट्राध्यक्ष व्हार्गास यांच्यासमोर त्यांचा खेळ झाला. दुसरे वस्ताद पास्तिन्या; त्यांनी जुनी, संथ आंगोला पद्धत जपली. दोघांचेही म्हातारपण हलाखीत गेले. बिम्बा १९७४ साली परगावी वारले. पास्तिन्यांची दृष्टी गेली, शाळेची जागाही गेली, आणि १९८१ साली ते गेले.

२०१४ साली युनेस्कोने कापोएराच्या रिंगणाची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. आजही गडी आधी बेरिंबावच्या पायाशी उकिडवे बसतात, आणि मग गाणे उठते. त्यात बिम्बा येतात, पास्तिन्या येतात, आणि समुद्रापलीकडच्या आंगोलाचे नावही येते.