सत्यशोधक विवाह : पुरोहिताचा पेच आणि वधू-वरांची वाणी

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात विवाह ठरताच शेतकरी कुटुंबापुढे पेच उभा राही : ग्रामजोशाला डावलावे तर बहिष्काराचे भय, बोलवावे तर दक्षिणेचा भार. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला पुरोहितविरहित विवाह पार पडला. १८८७ च्या पूजाविधीत त्यांनी मंगलाष्टके वधू-वरांच्याच मुखी घातली. त्यांत वधू स्त्रियांचे हक्क मागते आणि वर ते देण्याचे वचन देतो. विरोधही तीव्र होता. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे ग्रामजोशांनी दक्षिणेसाठी न्यायालयात धाव घेतली. तात्पर्य, प्रश्न केवळ खर्चाचा नव्हता. ज्यांचा विवाह, त्यांनाच त्यात बोलण्याचा अधिकार असावा, हे या विधीचे मूलभूत सूत्र होते.