प्रतिमा-जुळवणी

समाजमाध्यमांवर एकदा खोटे ठरलेले चित्र थोडेफार बदलून पुन्हा पुन्हा फिरते. त्याच्या सर्व आवृत्त्या कृत्रिम बुद्धिमत्तेने ओळखण्याचे हे तंत्र. खऱ्याखोट्याचा निवाडा मात्र तथ्य-पडताळणी करणारी माणसेच करतात. यंत्र तो निवाडा सर्व नकलांना लागू करते. लोकचर्चेत हा फरक सहसा हरवतो.

कातरलेले किंवा स्क्रीनशॉट घेऊन पुन्हा टाकलेले चित्र डोळ्याला तेच दिसले, तरी संगणकाच्या लेखी ती निराळी फाइल असते. म्हणून न्यूरल नेटवर्क प्रत्येक चित्राचे संख्यामालिकेत रूपांतर करते आणि दोन मालिकांतील अंतर मोजते. फेसबुकने २०२० मध्ये जाहीर केलेली सिमसर्चनेट ही अशीच प्रणाली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये कंपनीने कोविडविषयक सुमारे ५ कोटी पोस्टवर इशारे लावले. त्यांमागे पडताळणीचे लेख होते जेमतेम ७,५००.

खरी पंचाईत सूक्ष्म बदलांची. चित्र तेच, पण वरच्या ओळीत ‘विषाणू आढळला’ऐवजी ‘विषाणू आढळला नाही’ असेल, तर एक खोटे आणि दुसरे खरे. त्यामुळे चित्रावरील मजकूरही यंत्राला वाचावा लागतो. जुन्या, अस्सल छायाचित्राला नवी ओळ जोडून दंगलीची किंवा पुराची बातमी बनवली, तर चित्रात खोट सापडतच नाही. संदर्भ माणसालाच शोधावा लागतो. व्हॉट्सॲपवरील संदेश कूटबद्ध असल्याने तेथे फेसबुकचीही मालक असलेल्या मेटा कंपनीला चित्र दिसतच नाही. शिवाय हे तंत्र माणसांच्या निवाड्यावर चालते, पण जानेवारी २०२५ मध्ये मेटाने अमेरिकेतील स्वतंत्र तथ्य-पडताळणी बंद करण्याची घोषणा केली.