चौथ्या तारेचा मागोवा

करवीर तालुक्यातल्या कुठल्याही गावात डीपीपाशी, म्हणजे रोहित्रापाशी, थांबून वर पाहा. अकरा हजार व्होल्टच्या तीन तारा रोहित्रात शिरतात आणि दुसऱ्या अंगाने चार बाहेर पडतात. नदीकाठच्या उसाच्या मोटारीला त्यांतल्या तीन पुरतात. घराला मात्र एक फेज आणि ती चौथी, म्हणजे न्यूट्रल लागते.

या तारेचं मूळ एडिसनच्या १८८३च्या तीन-तारी पद्धतीत आहे. डीसीच्या दोन मंडलांना त्याने मधली एक तार सामायिक दिली. दोन्हीकडचा भार सारखा असेल तर ती रिकामी. नसेल तर फक्त फरकाचा प्रवाह तिच्यातून जाई. तांब्याची मोठी बचत झाली.

पुढचं पाऊल एईजी कंपनीतल्या डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांचं. त्यांच्या थ्री-फेज पद्धतीत तीन प्रवाह एकमेकांपासून १२० अंशांनी मागेपुढे चालतात. एका तारेत १० अँपिअर शिखरावर असताना उरलेल्या दोन्हींत पाच-पाच उलट दिशेने वाहत असतात, म्हणजे बेरीज शून्य. १८९१ साली लाउफेनहून १७५ किलोमीटरवरच्या फ्रँकफर्टला वीज गेली ती याच हिशेबावर, तीनच तारांवरून.

आपल्या डीपीतही तोच हिशेब आहे. खालचे, म्हणजे कमी दाबाचे, वेढे स्टारमध्ये (ताऱ्यासारखे एका बिंदूत) जोडलेले, त्यांच्या मध्यबिंदूतून न्यूट्रल निघते. वरचे, म्हणजे अकरा हजार व्होल्टचे, डेल्टात (त्रिकोणात). खालच्या एका फेजवर भार वाढला की त्याच गाभ्यावरचा वरचा वेढा तेवढाच तोल साधणारा प्रवाह दोन तारांमधून ओढतो. म्हणून वर चौथी तार लागत नाही.

खाली मात्र तोल माणसानेच राखायचा असतो. कारखान्यांतल्या थ्री-फेज मोटारी तिन्ही फेजवर सारखा भार टाकतात. घरं तसं करत नाहीत. तीन फेजवर ३०, २० आणि १० अँपिअर असा भार पडला, तर न्यूट्रलमधून सुमारे १७ अँपिअर वाहतात. तिच्यात वीज वाया जाते, सांधे तापतात. अशात न्यूट्रल तुटली तर कमी भाराच्या फेजवरचा दाब २३०च्या कितीतरी वर चढतो आणि तिथल्या घरांतले टीव्ही, फ्रीज जळतात. त्या घरांचा यात काहीच दोष नसतो.

हा तोल एकदा साधून भागत नाही. गल्लीत नवा मजला चढतो, एसी बसतो, पिठाची गिरणी येते आणि हिशेब बदलतो. तेव्हा वायरमन टाँग टेस्टर लावून प्रत्येक फेजचा प्रवाह मोजतो आणि काही जोडण्या जड फेजवरून हलक्या फेजवर घेतो. हे काम बिलात दिसत नाही, पण गल्लीची वीज त्याच्यावरच टिकते. घरात नवा एसी किंवा गिझर घेताना तो कुठल्या फेजवर जाणार हे आधी विचारा, आणि मापन केल्याशिवाय जोडणी करू देऊ नका.