रुमाल, पुडकं, कागद

५ नोव्हेंबर १८१७. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरचा बंगला सोडून नदीपलीकडे खडकीला, कर्नल बरच्या फौजेत जाऊन मिळाला. मागे मराठ्यांनी बंगला लुटला, जाळला. त्याची पुस्तकं, टिपणं, हस्तलिखितं सगळी गेली. खडकीची लढाई इंग्रजांनी जिंकली, पण एकाच छपराखाली ठेवलेला तो संग्रह काही परत आला नाही.

पुढे पेशव्यांचं दप्तर इंग्रजांच्या ताब्यात आलं. ‘दप्तर’ हा शब्द मुळात ग्रीक ‘डिफ्थेरा’, म्हणजे कातडं. फारसीतून तो आपल्याकडे आला आणि शेवटी शाळकरी पोरांच्या पाठीवर बसला. पुण्याच्या पुराभिलेखागारात मात्र तो कागदपत्रांच्या जुन्या अर्थानेच नांदतो. तिथे मोडी कागद चौकोनी कापडात बांधलेले असतात. या गाठोड्याला म्हणायचं रुमाल. रुमालात पुडकी, पुडक्यात कागद. संशोधक आजही दाखला देतात तो असाच: आधी दप्तराचा विभाग, म्हणजे घडणी, प्रांत अजमास, जमाव किंवा शाहू दप्तर, मग रुमाल क्रमांक, पुडकं क्रमांक, कागद क्रमांक.

एका डिस्कमध्ये न मावणाऱ्या फायली चार डिस्कवर वाटायच्या असतील, तर मला याहून चांगला धडा ठाऊक नाही. संगणकाने वाटणीची ही वाट वेगळ्या गरजेतून काढली. १९७९ च्या युनिक्समध्ये ‘टार’ आलं. नावातच टेप आणि अर्काइव्ह. पुढे त्याच्या ग्नू आवृत्तीत एक टेप भरली की दुसरी मागायची सोय झाली. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर मोठी फाइल तुकडे करूनच न्यावी लागे. मात्र मधली एक फ्लॉपी बिघडली की त्या फाइलचे बाकीचे तुकडे बहुधा कुचकामी ठरत.

रुमाल बांधताना कोणी कागद फाडून अर्धा इकडे, अर्धा तिकडे ठेवत नाही. कागद अखंड, विषय एकत्र आणि कशात काय आहे याची यादी गाठोड्याबाहेर. असं असलं की एक रुमाल कसरीने खाल्ला तरी बाकीचे वाचता येतात. डिस्कचंही तसंच करावं: २०१९ चे फोटो सगळे एका डिस्कवर, डिस्कला क्रमांक, आणि यादी प्रत्येक डिस्कवर नि शिवाय कागदावरही.

पण ही झाली नुसती वाटणी. एकेकच प्रत असेल तर डिस्क गेली की तिच्यातलं सगळं गेलं. म्हणून प्रत्येक डिस्कला जोडीदार हवा, आणि तो दुसऱ्या घरी हवा. १९३० पासूनच्या चार-पाच वर्षांत गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापून घेतले. ते कागद आता कितीतरी ग्रंथालयांच्या कपाटांत आहेत. नाना फडणवीसांचे कागद तर वाईजवळ मेणवलीच्या वाड्यात होते. पुण्यात एवढी उलथापालथ झाली, तरी ते तिथेच सापडले.