क्योटोचा मोदक आणि पवनीचा पंचमुखी

जपानमधील क्योटो शहराच्या गिओन भागात 'कामेया कियोनागा' हे मिठाईचे दुकान आहे. त्याची स्थापना १६१७ सालची, म्हणजे शिवजन्माच्याही तेरा वर्षे आधीची. तेथे 'कांगिदान' नावाची एक मिठाई मिळते. ती मराठी माणसासमोर ठेवली, तर नाव न सांगताही तो म्हणेल, "हा तर मोदक!" 🧵

तांदूळ आणि गव्हाच्या पिठाची पारी, आत सारण, वर मुखाशी एकत्र आणलेल्या आठ चुण्या. या आठ चुण्या म्हणजे कमळाच्या आठ पाकळ्या, असे तेथे मानतात. मग तिळाच्या तेलात खमंग तळणी. म्हणजे कोकणातल्या उकडीच्या मोदकापेक्षा विदर्भातल्या घरांत होणाऱ्या तळणीच्या मोदकाशीच तिचे साम्य अधिक.

हे साम्य योगायोगाचे नाही. पुरावा नावातच आहे. 'मोदक' हा शब्द संस्कृत 'मुद्' धातूपासून आला. आनंद देणारा तो मोदक. चिनी भाषांतरकारांनी त्याचा अर्थ घेऊन 'आनंदाचा गोळा' असा शब्द घडवला. त्याच तीन अक्षरांचा जपानी उच्चार 'कांगिदान'. (या 'दान'चा आपल्या दानाशी काहीही संबंध नाही.)

आणि हा नैवेद्य कोणाचा? 'कांगितेन'चा, म्हणजे जपानी बौद्ध परंपरेतील गजमुख देवतेचा, आपल्या गणपतीचा. नवव्या शतकाच्या आरंभी साइचो आणि कूकाई हे दोन भिक्षू चीनमधून विद्या घेऊन परतले. पहिला ८०५ साली, दुसरा ८०६ साली. त्यांच्या तेंदाई आणि शिंगोन या पंथांतून तांत्रिक बौद्ध उपासना जपानमध्ये रुजली आणि तिच्याबरोबर ही देवताही. दहाव्या शतकातील 'वाम्यो रुइजुशो' या जपानी कोशात चीनकडून आलेल्या खाद्यपदार्थांत या मिठाईची नोंद सापडते.

इथे एक सावधगिरी हवी. 'जपानी मिठाई मूळची आपलीच' असे संदेश गणेशोत्सवात हमखास फिरतात. ते अर्धसत्य आहे. प्रवास झाला तो नावाचा, नैवेद्याच्या कल्पनेचा आणि बहुधा आकाराचा. चव मात्र जपानने स्वतः घडवली. तेथे साखर फार काळ दुर्मीळ होती. गोडीसाठी वेलीचा रस आटवून वापरत. जुन्या कांगिदानात चेस्टनट, सुकवलेले पर्सिमॉन, जर्दाळू अशी फळे असत. एदो काळात साखरेचा वापर वाढला, तेव्हा अझुकी या लाल कडधान्याचे, पुरणासारखे वाटून गाळलेले गोड सारण आत आले. त्यात चंदन, भीमसेनी कापूर, दालचिनी यांसह सात सुगंधी द्रव्ये मिसळतात. नारळ-गुळाच्या अपेक्षेने पहिला घास घेणाऱ्याला आधी देवघराचाच वास येतो!

देवतेचेही तसेच. कांगितेनाची मूर्ती बहुधा आलिंगन दिलेल्या गजमुख युगुलाची असते आणि भाविकांच्या दृष्टीआड ठेवली जाते. नैवेद्याला मुळाही लागतो. आपल्याकडच्या काही प्राचीन गणेशमूर्तींच्या हातीही मुळा दिसतो. महाराष्ट्र तो विसरला, टोकियोच्या असाकुसा भागातील मात्सुचियामा मंदिरात मात्र आजही मुळा वाहतात.

आता भंडारा जिल्हा. वैनगंगेकाठच्या पवनीत एकाच पाषाणावर पाच गणेश कोरलेले आहेत. हा सर्वतोभद्र किंवा पंचमुखी गणेश विदर्भातील अष्टविनायकांपैकी एक. दुसरा, भृशुंड गणेश, भंडारा शहरातील मेंढा येथे. याच पवनीत जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात मौर्य-सातवाहन काळातील स्तूपाचे अवशेष मिळाले. त्यांतील एका शिल्पावर मुचलिंद नागाचे नाव ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे.

त्या प्राचीन स्तूपातून कोणी जपानला गेले, असे म्हणायला आधार नाही. तसे जोडून टाकण्याचा मोह टाळलेला बरा. जपानशी पवनी परिसराचा संबंध आला तो अगदी अलीकडे. जवळच्या रुयाड (सिंदपुरी) येथे पञ्ञा मेत्ता संघाने जपानी बौद्धांच्या सहकार्याने महासमाधीभूमी हा भव्य स्तूप उभारला. संघाचे नाते तेंदाई पंथाशी, म्हणजे साइचोने क्योटोजवळच्या हिएइ पर्वतावर स्थापलेल्या परंपरेशी आहे. आणि कामेया कियोनागाची परंपरा सांगते की कांगिदान करण्याची पद्धत त्यांच्या पूर्वजांना हिएइ पर्वतावरच्या आचार्यांकडूनच मिळाली.

म्हणजे ज्या परंपरेने मोदकाचे हे जपानी रूप जपले, तिचे अनुयायी आज पवनीच्या पंचमुखी गणेशापासून काही किलोमीटरवर वंदनेला येतात. पंचमुखीसमोर मोदक ठेवणाऱ्या भाविकांपैकी फार थोड्यांना कांगिदान ठाऊक असेल, आणि रुयाडला येणाऱ्या जपानी पाहुण्यांपैकी फार थोड्यांना जवळच्या त्या मोदकाची कल्पना असेल.