सीडी आपली, परवाना संगणकाचा

विंडोज एक्सपी २००१ मध्ये बाजारात आली, त्या काळात नव्या संगणकासोबत ऑपरेटिंग सिस्टीमची सीडी मिळणे नित्याचे होते. संगणक भंगारात गेला, तरी सीडी कपाटात राहते. ती दुसऱ्या संगणकावर वापरता येईल काय? याचे उत्तर सीडीत नसून तिच्यासोबतच्या परवान्यात आहे.

स्वतंत्र खोक्यात विकला जाणारा ‘रिटेल’ परवाना जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येतो. संगणकासोबत येणारा ‘ओईएम’ परवाना स्वस्त असतो. मात्र तो ज्या संगणकावर प्रथम बसविला जातो, त्याच्याशीच कायमचा बांधलेला असतो. हार्ड डिस्क किंवा मेमरी बदलली तरी तो टिकतो. अद्ययावत करण्यासाठी मदरबोर्डच बदलल्यास मात्र मायक्रोसॉफ्टच्या लेखी तो नवा संगणक ठरतो.

या अटीला तंत्राचीही जोड आहे. मोठ्या उत्पादकांच्या अनेक सीडी बायॉसमधील उत्पादकाची खूण तपासत. ती न आढळल्यास काम थांबे किंवा अ‍ॅक्टिव्हेशन मागितले जाई. एक्सपीमध्ये त्यासाठी ३० दिवसांची मुदत होती. अ‍ॅपलच्या मॅकसोबतच्या करड्या डिस्कही सहसा दुसऱ्या मॉडेलवर चालत नसत. २०१२ मधील विंडोज ८ पासून तर ‘प्रॉडक्ट की’ कारखान्यातच मदरबोर्डवर नोंदवली जाऊ लागली.

कायद्याचा कल सर्वत्र सारखा नाही. संगणकाविना ओईएम प्रती विकण्यास मायक्रोसॉफ्ट आडकाठी करू शकत नाही, असा निर्णय जर्मनीच्या संघीय न्यायालयाने ६ जुलै २००० रोजी दिला. अमेरिकेत मात्र ई-कचऱ्याच्या पुनर्वापराचे काम करणारे एरिक लुंडग्रेन यांनी डेल संगणकांच्या रिस्टोअर डिस्कच्या सुमारे २८ हजार प्रती चीनमध्ये तयार करवून घेतल्या. परवाना असलेल्यास हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, तेव्हा नुसत्या डिस्कला किंमत नाही, हा त्यांचा युक्तिवाद टिकला नाही. न्यायालयाने प्रत्येक प्रतीचे मूल्य २५ डॉलर धरले. १५ महिन्यांचा कारावास व ५० हजार डॉलर दंडाची शिक्षा एप्रिल २०१८ मध्ये अपिलातही कायम राहिली.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे : सीडी हरवली म्हणून परवाना बुडत नाही आणि सीडी सापडली म्हणून तो मिळत नाही. जुना संगणक विकताना त्यावरील परवान्याचे स्टिकर काढू नये आणि सीडीही सोबत द्यावी. शिवाय एक्सपीची सुरक्षा अद्यतने ८ एप्रिल २०१४ रोजी, तर विंडोज ७ ची सर्वसामान्य ग्राहकांसाठीची १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. त्यामुळे परवाना वैध असला, तरी अशा संगणकावरून इंटरनेट वापरणे धोक्याचे आहे. जुने यंत्र वापरात ठेवायचेच असेल, तर डेबियन, उबुंटू अशा लिनक्स प्रणाली विनामूल्य आहेत आणि त्या कितीही संगणकांवर बसविता येतात.