नाकातला डोह

सकाळी उठल्यावर कपाळ जड, गालाच्या हाडांत ठणका, वाकून झाडू मारायला गेलं की डोकं फुटेल असं वाटणं, आणि आमटी करपली तरी वास न येणं. "सर्दीच आहे, होईल बरी," असं ऐकत आमच्या गटातल्या एकीनं सहा हिवाळे काढले. गेल्या महिन्यात तिला कुणीतरी ॲक्युपंक्चर सुचवलं. तिनं आम्हाला विचारलं, "या चिनी सुया खऱ्या की थोतांड?" उत्तर शोधता शोधता आम्ही दोन हजार वर्षं मागे गेलो.

चीनमधल्या 'ह्वांगदी नेइजिंग' या प्राचीन वैद्यकग्रंथात नाकातून सतत गढूळ पाणी वाहण्याच्या आजाराला 'बीयुआन' म्हटलंय. 'बी' म्हणजे नाक, 'युआन' म्हणजे खोल डोह. पित्ताशयातली उष्णता डोक्यात चढते आणि हा डोह भरतो, अशी त्यांची समजूत होती. कारण आज पटणार नाही, पण नाव मात्र दुखणं अंगावर काढलेल्या माणसानंच ठेवावं असं आहे.

नाकपुडीच्या कडेला, गालाची घडी सुरू होते तिथल्या बिंदूला ते 'यिंगशियांग' म्हणतात, म्हणजे सुगंधाचं स्वागत. गेलेला वास परत यावा म्हणून तिथं सुई टोचत. दुसरा बिंदू अंगठा आणि तर्जनीच्या मधला, 'हगू'. गरोदरपणी मात्र हा बिंदू टाळावा, असं जुनी परंपराच सांगते.

सुयांच्या जोडीला औषधंही होती. 1253 सालच्या एका ग्रंथात यान योंगह या वैद्यानं डोहावरचं चूर्ण दिलंय. त्यात चाफ्याच्या कुळातल्या मॅग्नोलियाच्या कळ्या, पुदिना, 'बायझी' नावाचं मूळ आणि एक काटेरी फळ. हे चूर्ण कांद्याची पात आणि चहाबरोबर घ्यायचं. ते काटेरी फळ आपल्याही बांधावर उगवतं, पदराला चिकटतं. पण मैत्रिणींनो, ते कच्चं विषारी असतं, यकृतावर जातं. चिनी वैद्यही ते भाजूनच वापरतात. घरी कुटून कुणाला देऊ नका.

या विद्येचे दिवस नेहमीच चांगले नव्हते. 1822 मध्ये चीनच्या सम्राटानं राजवैद्यकशाळेतून ॲक्युपंक्चर काढून टाकलं. 1929 मध्ये तर सगळं देशी वैद्यकच बंद करण्याचा प्रस्ताव आला, आणि वैद्यांनी मोठा विरोध करून तो रोखला. 1949 नंतर नव्या सरकारनं या विद्येला पुन्हा दवाखान्यांत जागा दिली.

आपल्याकडे ती आली त्या वाटेवर महाराष्ट्राचं एक माणूस उभं आहे. 1938 मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यांत आपले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. ते 1942 मध्ये तिथंच वारले. त्यांचं काम जखमी सैनिकांच्या शस्त्रक्रियांचं, सुयांचं नव्हे. पण त्यांचे सहकारी बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि 1959 मध्ये ते कोलकात्यात आणलं.

मग मैत्रिणीला काय सांगितलं? ॲलर्जीच्या सर्दीत सुयांनी थोडा आराम पडतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. सायनसच्या जुन्या दुखण्याबद्दलचा पुरावा मात्र तोकडा आहे. म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासून घे. सुया घ्यायच्याच तर शिकलेल्या माणसाकडून, आणि सुई नवी, पाकीट तुझ्यासमोर फोडलेली. डोळा सुजला, दोन-दोन दिसू लागलं, मान आखडून ताप चढला, तर सुया नकोत, लगेच दवाखाना. 2021 मधली काळी बुरशी आपण विसरलेलो नाही. मधुमेह असेल तर जास्तच जपायचं.

ती तपासायला गेली. नाकाच्या आत मांसाची वाढ निघाली. सहा हिवाळ्यांत तिच्या नाकात कुणी बॅटरी मारून पाहिलंच नव्हतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यांनी त्या दुखण्याला निदान नाव तरी दिलं होतं. आपण त्याला 'सर्दीच आहे' म्हणून सोडून देऊ नये, एवढंच आमचं मागणं. भेटू पुढच्या आठवड्यात.